ना अरे, ना अहो

४ फेब्रुवारी

घेतली! टकळीला मालिकेत घेतली. मुलींची रांग पार जिन्याखालपर्यंत होती आणि घेतली आमच्या टकळीला. लहान मुलांची विनोदी मालिका आहे. एक घर, भिंतीवर घरच्या नियमांची भलीमोठी पाटी, आणि दर भागात एकेका नियमाला सुरुंग लावणारी दहा वर्षांची मुलगी. ती आमची. सुरुंग लावायला शिकवण्याची गरज नाही, टकळी हे नाव काही उगाच पडलेलं नाही.

मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली असते. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणते, आज माझाच आ मिटत नव्हता.

संध्याकाळी मात्र विरजण पडलं. टकळी आरशासमोर संवाद म्हणत होती — “ए बाबा, तुझं डोकं आहे की फुटबॉल?” — आणि शिलाई मशीनचा आवाज एकदम थांबला. नानांचं मशीन. नाना म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म शिंपीकामात गेला, आता घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करून देतात. म्हणाले, “या घरातली मुलगी बापाला अरे-तुरे करणार नाही. खोटंखोटंसुद्धा नाही. जिभेला खरं-खोटं कळत नाही, तिला वळण लागतं.”

आवाज चढवला नाही. कधीच चढवत नाहीत. तीच तर पंचाईत आहे, भांडायला जागाच ठेवत नाहीत.

५ फेब्रुवारी

नानांवर धड रागावताही येत नाही. हा माणूस कचरा न्यायला येणाऱ्यालाही अहो म्हणतो. माप द्यायला आलेल्या शेंबड्या पोराला “अहो, जरा ताठ उभे राहा” म्हणतो. सासूबाईंनाही शेवटपर्यंत अहोच म्हणाले. “मान द्यायला काय खिशातलं जातं?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ए आई मात्र चालतं. ते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

हे म्हणाले, “नाना म्हणतायत तर...” आणि वाक्य तिथंच टाकून कामावर गेले. लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या माणसांना रोज बाहेर काढतात आणि घरात स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेले!

वही माझी, कुलूप माझं, वाचणारं कुणी नाही. तरी हात ‘हे म्हणाले’च लिहितो. सवय.

८ फेब्रुवारी

दिग्दर्शिकेला फोन केला. बारीक कापलेले केस, तोंडात सतत लवंग, बोलणं तोडून टाकल्यासारखं. “अहो बाबा म्हणणारी मुलगी नियम काय मोडणार? ती तर पाटी पुसून ठेवेल. ‘तू’ म्हणायचं नसेल तर दुसरी मुलगी तयार आहे.”

नाना म्हणाले, “मग दुसरीला घेऊ द्या.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी भांडी आपटत होते. टकळीनं दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे तिथं ‘तुम्ही’ चालणार नाही आणि इथं ‘तू’ चालणार नाही. एवढंच ना?” आणि सायकल काढून गेली खाली.

एवढंच ना, म्हणे!

११ फेब्रुवारी

सुट्टी घेऊन तिच्याबरोबर सेटवर गेले. काय गंमत असते — तीन भिंतींचं स्वयंपाकघर, नळाला पाणी नाही, फ्रिजला पाठ नाही. टीव्हीतले बाबा म्हणजे एक जाडजूड, मऊ बोलणारे नट. त्यांनी टकळीला आधीच सांगून ठेवलं, “मला वाट्टेल ते बोल, मी काही लावून घेत नाही.” टीव्हीतली आई चुलीपाशी उभी. तिला संवादच नाहीत फारसे, नुसतं ढवळायचं.

माझी पाचावर धारण. दिग्दर्शिकेला वाटत होतं मुलगी ‘तू’ म्हणणार, मला वाटत होतं आता आम्ही घरी जाणार. आणि टकळी कमरेवर हात ठेवून बाबांसमोर उभी राहिली.

“बाबांच्या खांद्यावर ते डोकं आहे की फुटबॉल?”

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. बाबा तिच्यासमोर, डोळ्यांत डोळे, आणि ही बोलतेय जणू ते शेजारच्या गल्लीत आहेत!

“बोललेलं ऐकू येतंय ना? की कान इस्त्रीला टाकलेत? सोफ्यावरून उठण्याचा काही विचार आहे, की सोफ्यासकट आत न्यायचं?”

नट हसायला लागले. दिवेवाला शिडीवर होता, तो शिडी धरून हसत होता. दिग्दर्शिका ‘कट’ म्हणायचं विसरली. साप मेला आणि काठी शाबूत! ना तू, ना तुम्ही. मी त्या बिनपाठीच्या फ्रिजमागे उभी राहून चक्क रडले. एवढ्याशा डोक्यात हे येतं तरी कुठून?

२ मार्च

पहिला भाग लागला. नाना हाताची घडी घालून बसले होते, परीक्षकासारखे. एकेक वाक्य कान देऊन ऐकलं. संपल्यावर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग टकळीला म्हणाले, “अहो, जोड कुठं दिसतच नाही.”

नानांकडून याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही. कुणाच्या कोटालाही नाही.

१९ मार्च

वेड लागलंय लोकांना. बसच्या रांगेत एक पोरगं आपल्या आईला म्हणत होतं, “आईंनी तिकिटाचे सुटे शोधायचं मनावर घ्यावं आता.” डॉक्टरीणबाई मला म्हणतात, “मदतनीसांना चिमटा सापडेल का, की तोंडानंच काढायचा दात?” टकळीच्या शाळेतून तक्रार आली. सगळा वर्ग बाईंना म्हणाला, “आज गृहपाठ विसरला जाण्याची काही शक्यता?” बाई तक्रार सांगताना स्वतःच हसत होत्या.

६ एप्रिल

आता लेखकच तिच्यासाठी तशी वाक्यं लिहून आणतात आणि ही दुरुस्त्या करते! आज म्हणाली, “काका, ‘चष्मा कुठे ठेवलात’ नाही चालणार. त्यात ‘तुम्ही’ लपलाय. ‘चष्मा कुठे गेला’ म्हणायचं.” लेखक डोकं खाजवत बसले. भाषेचे मोठे जाणकार आहेत ते, पण हिच्यासारखं त्यांना भराभर सुचत नाही. हिला विचारच करावा लागत नाही, नळ सोडल्यासारखं येतं.

कुणावर गेलीय कोण जाणे. यांच्यावर तर नाहीच, यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे अक्कलदाढ काढण्यासारखं.

जेवताना मी यांना विचारत होते, “उद्या डबा न्यायचाय का? की बाहेरच जेवण होणार?” टकळी माझ्याकडे बघत ओठ हलवत होती. पाठांतर चालू असेल.

२८ एप्रिल

संकट टळलं म्हणता म्हणता पुन्हा दारात. शेवटचा भाग यायचाय. टीव्हीतले बाबा कुणाला न सांगता दिवसभर गायब होतात, घर हवालदिल, आणि दारात दिसल्याबरोबर मुलीनं पहिल्यांदा ओरडायचं — “कुठे होतास तू?” दिग्दर्शिका म्हणते, सगळे त्याच एका शब्दाची वाट बघतायत. तो नसेल तर पुढच्या वर्षी टकळी नाही, दुसरी कोणीतरी.

नाना म्हणाले, “मी सांगायचं ते एकदा सांगून झालंय.”

या वेळी टकळीनं ‘एवढंच ना’ म्हटलं नाही, सायकलही काढली नाही.

३ मे

आज मुलांच्या कार्यक्रमाची मंडळी घरी आली होती टकळीची मुलाखत घ्यायला. नाना, हे, सगळे ओळीनं सोफ्यावर. मी सरबताचे ग्लास घेऊन दारात. निवेदिकेनं विचारलं, “हे असं बोलायचं तुला सुचलं कसं?”

टकळी म्हणाली, “सुचलं नाही. माझी आई बाबांशी असंच बोलते.”

सगळे हसले. तिला वाटलं त्यांना पटलेलं नाही. म्हणून तिनं करूनच दाखवलं. “यायला उशीर होणार का? छत्री घेतलीय ना? डबा न्यायचाय का? — बघा. तू पण नाही, तुम्ही पण नाही. मी लहानपणापासून ऐकते.” आवाजसुद्धा माझा. मानसुद्धा माझी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन महिने मी विचारतेय कुठून येतं, कुठून येतं.

हे आणि मी एकाच वर्गात होतो. एका बाकावर. ए, ओय, गाढवा — काय काय म्हणायचे मी. लग्न झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी नाना अगदी प्रेमानं म्हणाले, “सूनबाई, आता अहो म्हणा हं.” मी हो म्हटलं. पण ज्याची वही चोरून उतरवली त्याला अहो कसं म्हणायचं? जीभच वळेना. आणि ‘तू’ म्हणायची बंदी. मग आज एक वाक्य वाकवलं, उद्या दुसरं. बारा वर्षं वाकवतेय. मला वाटायचं कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. आणि आता गावभर लोक त्यावर पोट धरून हसतायत.

ग्लास ठेवले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. राग आला. खूप राग आला. कुणाचा ते मात्र सांगता येत नाही.

४ मे

घरात बोललेच नाही. काय बोलणार? तोंड उघडलं की टीव्ही लागतो.

५ मे

हे आज लवकर आले. चपलाही न काढता दारातच म्हणाले, “मला वाटायचं तू माझ्यावर रुसली आहेस.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून. कधी हाकच मारत नाहीस. म्हटलं, काहीतरी चुकलंय माझं.”

“बारा वर्षं? मग विचारायचं नाही का?”

“हिंमत नव्हती.”

बारा वर्षं हा माणूस गुन्हा शोधत बसला होता. दुसऱ्यांच्या अडकलेल्या लिफ्टी उघडत होता. मी काहीतरी म्हणणार होते, पण वाक्य पुन्हा वाकडंच तयार झालं. गिळलं.

६ मे

टकळी पांघरुणात शिरली. “आई, तू रागावलीस?”

म्हटलं, “हसतात ना गं लोक मला.”

“मला हसतात. तुला काय माहीत असतं त्यांना?” मग थोडा वेळ माझ्या बांगडीशी खेळत राहिली. “मला ते विनोदी नव्हतंच वाटत. भारी वाटायचं. नाना म्हणाले ते तू ऐकलं नाहीस, पण मोडलंही नाहीस. आमच्या वर्गात कुणालाच असं जमत नाही. सगळे एक तर ऐकतात, नाही तर मार खातात.”

दहा वर्षांची आहे.

मग विचारलं, “शेवटच्या भागात काय करणार आहेस?”

म्हणाली, “तुला विचारायलाच आले होते. मला ‘तू’ म्हणता येतं गं. पण मला नानांना फसवायचं नाहीये, आणि रडके डोळे करून विचारायचंही नाहीये.”

उत्तर मला विचारत होती! मी तरी कुठं शोधलं होतं?

१४ मे

शेवटचं शूटिंग. आणि नाना म्हणाले, “मीही येतो.” कोट घालून आले. टीव्हीतल्या बाबांच्या पँटीची शिलाई उसवलेली त्यांना लांबूनच दिसली. तिथंच बसून सुईदोरा मागवला आणि घालून दिली. “अहो, आता बसा निर्धास्त.” नट त्यांच्या पाया पडायलाच निघाले होते.

मग तो प्रसंग. बाबा दारात. टकळी धावत गेली, थांबली, तोंड उघडलं. सगळा सेट त्या एका शब्दासाठी श्वास धरून. मी नानांकडे बघत नव्हते, मुद्दाम.

टकळीनं तोंड मिटलं. मागे वळली. चुलीपाशी ढवळत उभ्या असलेल्या टीव्हीतल्या आईचा हात धरून तिला ओढत पुढे आणलं. म्हणाली, “आई, मला नाही विचारता येत. तू विचार ना.”

हे कागदावर कुठेच नव्हतं. त्या बाई गोंधळल्या. हातातला डाव तसाच. तीन महिने त्या नुसत्या ढवळत होत्या बिचाऱ्या. त्यांनी बाबांकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “कुठे होतास रे तू? जीव गेला असता माझा.”

कुणी हसलं नाही. विनोदी मालिका, आणि कुणी हसलं नाही. दिवेवाला शिडीवर नाक पुसत होता. दिग्दर्शिकेनं लवंग थुंकली आणि टकळीला म्हणाली, “पुढच्या वर्षी तूच. दुसरी कोण करणार हे?”

पोरीनं नानांचा शब्द राखला, मालिका राखली, आणि एका बाईला वाक्य मिळवून दिलं. माझ्या पोटची आहे यावर विश्वास बसत नाही.

परतताना गाडीत नानांनी कोटाची घडी घालून मांडीवर ठेवली. घराच्या वळणावर एवढंच म्हणाले, “त्या बाई छान बोलल्या.”

१५ मे

सकाळी चहा गाळत होते. नाना खिडकीशी सुईत दोरा ओवत होते, हे समोर पेपर उघडून बसले होते. मी नेहमीसारखं सुरू केलं, “चहा घेणं होणार...” आणि थांबले. गाळणं खाली ठेवलं. म्हटलं, “ए, चहा घेणार का तू?”

दोरा सुईच्या भोकापाशी तसाच. टकळीचा घास हातात. मग नाना, मान वर न करता, “सूनबाई, मलाही अर्धा कप.”

चहा गार झाला तरी तो माझ्याकडे बघतच बसला होता.