गादीखालचा तडा

३ मार्च
खोटं लिहिलं. माझ्याच हाताने!

ठोकर बसलेली एक गाडी आमच्या गोदामात सुटे भाग काढायला आली, तिच्यातली तान्ह्या बाळाची खुर्ची. वरून नवी कोरी. पुसायला गादी काढली, तर खालच्या प्लास्टिकला तडा — बोट फिरवलं तरच लागेल असा. पुन्हा धक्का बसला, की दुभंगणार. ह्यांना दाखवला. म्हणाले, गादीखाली कोण बघतंय? ‘अपघात नाही’ असं लिही आणि लाव ऑनलाइन लिलावाला.

लावली. रात्री जेवलेच नाही.

४ मार्च
भाव चढवायला आम्हीच ज्यावरून खोटी बोली लावतो, ते खातं चिमणीच्या नावाचं. चिमणी, माझी धाकटी नणंद. ह्यांनी तिची कागदपत्रं देऊन उघडलं, तिला गंधवार्ताही नाही. ती बिचारी बाळात गुंतलेली, ते आत्ताशी मान धरतंय. बोली लावायचं काम माझं. चुकून आपणच जिंकलो, तर सौदा मोडून वस्तू परत लिलावाला.

आज एका बाईनं विचारलं — पहिलंच बाळ आहे, खुर्ची सुरक्षित आहे ना? ह्यांनी लगेच उत्तर दिलं — शंभर टक्के!



५ मार्च
काढून टाकू म्हटलं, तर चिडले. "साऱ्या जगाचा मक्ता तू घेतलायस का?"

ती बाई बोली वाढवतेय. मीही. ह्यांना वाटतंय, काय हुशार बायको! मला फक्त तिला जिंकू द्यायचं नाहीये.

६ मार्च
जिंकले! म्हणजे चिमणीचं खातं जिंकलं. सौदा मोडला तर खुर्ची परत लिलावाला लागणार, म्हणून शिवणकामातून साठवलेले पैसे भरून टाकले. आता ती विकली गेली. हे जुन्या गाड्या बघायला बाहेरगावी आहेत. उद्या जाऊन घणानं फोडते. किती दिवसांनी पोटभर जेवले.

७ मार्च
अंगात कणकण. उठवलंच नाही. उद्या नक्की.

८ मार्च
खुर्ची जागेवर नाही.

पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, पैसे जमा झाले की लेबल आपोआप निघतं, परवाच कुरिअरवाला घेऊन गेला. आमच्या खोट्या बोलीचे पैसे आजवर कुणी भरलेच नव्हते, मला कसं सुचणार! पत्ता कुठला, विचारलं. खात्यातला असतो तो, म्हणाल्या.

खात्यातला. देवा!

८ मार्च, नंतर
मी फोन लावायच्या आधीच चिमणीचा फोटो आला. बाळ खुर्चीत बसलंय, पट्टे घट्ट. मागे गाडीच्या खिडकीतून हमरस्ता. खाली लिहिलंय — "वहिनी, न सांगता पाठवलीस तरी खोक्यावर तुमच्या गोदामाचा शिक्का आहे बरं का! मामी भाचा बघायला येत नाही, म्हणून आम्हीच तुला भाचा दाखवायला निघालोय."

रिंग जातेय. उचलत नाहीये.