कुरणाचा मुहूर्त

शके १७८६, कार्तिक शु. ११. कुरूम

आले. दिवस कलताना आपल्या कुरणावर आधी एक दिसला, मग दुसरा, मग मोजायचं सोडून दिलं. गवताच्या शेंड्यांवरून इतके खालून येतात की पंखांच्या वाऱ्यानं गवत हलतंय असं वाटावं. पंख किंचित वर उचललेले, हलवण्याचे कष्ट नाहीत. एक गिरकी, अजून एक, आणि एकदम गवतात नाहीसा. घार झाडावर निजते, शिकरा झाडावर निजतो. हे मात्र जमिनीवर. शिकारी पाखरू, आणि निजायला गवत!

गावात कुणी यांना घार म्हणतं, कुणी ससाणा. दोन्ही नव्हेत. मी भोवत्या म्हणतो. बरं नाव सापडेपर्यंत हेच.

का. शु. १४. अमरावती

घरी परत. वेशीपासून कापसाच्या गाड्यांची रांग, छकडा पुढे सरकेना. हवेत नुसते तंतू. सौ. म्हणते, वरणातसुद्धा कापूस निघतो. विलायतेला आपल्या कापसाची भूक लागली आहे, त्यामुळे इथे जो तो खुशीत. शेजाऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. मी मुंबईच्या एका दलालाकडून जुनी दुर्बीण घेतली. धाकटा गोविंदा शेतीवरून आला होता (कुरूमची शेती तोच पाहतो), तो हसून बेजार. "दादा, लोकायनं बैलाले चांदी घेतली, तुमी पाखरायसाठी डोया घेतला!"

हसू दे. त्याच्या हसण्यानं घर भरतं.

का. व. ६. कुरूम

दुर्बिणीतून पाहिलं. दोन प्रकार आहेत.

त. म्हणजे तपकिरी. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, तोंड घुबडासारखं वाटोळं.
पां. म्हणजे पांढरा. पांढरा तरी कसा, राखेचा हात फिरवलेला. पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी.

निष्कर्ष: दोन जाती. एकाच कुरणात निजतात, पण चार हात सोडून. म्हणजे पाखरांतही सोवळं-ओवळं आहे! या शोधावर फार खूष आहे.

का. व. ९. अमरावती

सौ.ला शोध सांगितला. भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, नर-मादी असतीन ते. मोर आन् लांडोर तुमी एकच धरता नं?"
म्हणालो, तुला यातलं काय कळतं.
पुढच्या भाकरीवर थापा जरा जोरात पडल्या.

मार्गशीर्ष शु. ८. कुरूम

आज सीतादही, वेचणीआधीची पूजा. पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, बायकांनी गाणी म्हटली, मग वेचणीला हात लागला. ओट्या भरभरून कापूस. बांधावर जेवताना गो. म्हणाला, "दादा, अवंदा कुरण मोडून टाकू. सारं वऱ्हाड पांढरं होऊन राह्यलं, आपलंच एक रान पिवयं. लोक हासतेत."

आमच्या घराण्यात नवी जमीन मोडायची तर थोरल्याच्या हातचा नारळ लागतो. माझ्या हाताशिवाय गो. नांगर घालणार नाही. आणि पंचांग पाहणाराही मीच.

म्हणालो, "धनुर्मास लागतोय आता. संक्रांत होऊ दे."
हे खरंच होतं. त्यामुळे बोलताना जड गेलं नाही.

पौष शु. १०. कुरूम

सकाळी धुकं. गवतात पडून राहिलो. उजाडलं तसे एकेक जण दव झटकत वर आले, काही आवाज नाही. आपण जागे आहोत की नाही याची खात्री वाटेना. आणि त्यात तो दिसला: अर्धा त., अर्धा पां.! अंग तपकिरी, पण पाठीवर राखी पिसं फुटलेली.

म्हणजे तपकिऱ्याचाच पुढे पांढरा होतो. जात एकच. हा तरणा नर, वयात येतोय. मोठे पां. ते नर, बाकीच्या त. बहुतेक माद्या.

आता सौ.ला सांगणं आलं.

पौष व. २. अमरावती

सांगितलं. "मंग? मी काय म्हटलं होतं?" दिवसभर गुणगुणत होती. मीही मनातून खूष होतो, पण दाखवलं नाही.

माघ शु. ५

संक्रांत झाली. गो.चा निरोप आला, मुहूर्त काढा. कळवलं, या पंधरवड्यात नाही. का नाही ते लिहिलं नाही. पंचांगात चांगले दिवस होते.

म्हणजे मी कळवलं ते खोटं आहे. इथे तरी तसं लिहावं.

माघ व. ४

गो. अमरावतीच्या बाजारात गाड्या रिकाम्या करून परतताना घरी उतरला. सहज बोलल्यासारखं म्हणाला, "बाजारातले जोशीबुवा म्हणत होते, माघात दिवस बरे हायेत."
म्हणालो, त्यांचं पंचांग निराळं.
त्यानं पागोटं नीट केलं. मग म्हणाला, "तुमी म्हणान तसं." पाणी प्यायला आणि निघाला.

भांडला असता तर बरं झालं असतं. उन्हातान्हात राबतो तो आणि दुर्बीण लावून बसतो मी. त्याला सगळं कळलंय.

माघ व. ५

सौ.: "सांगून टाका नं त्याले. भाऊ हाय तो, परका नाई."
काय सांगू? की पाखरांना निजायला हवं म्हणून जमीन पडीक ठेव? शेजाऱ्यांनी बांधावरचं बोरीचं झाडसुद्धा ठेवलेलं नाही. बडनेऱ्याकडे आगगाडीच्या लोहरस्त्याचं काम, इकडे कापूस. कुरूमपासून अमरावतीपर्यंत दुसरं कुरण मी पाहिलेलं नाही.

फाल्गुन शु. १२. कुरूम

गवत आता पार वाळलं. वारा आला की सगळं कुरण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतं. आज थोडेच उतरले. बाकीचे गेले. कुठे, ते कोण जाणे. उत्तरेला असावं, गिरक्या घेत उंच चढतात आणि तिकडेच विरतात. बघता बघता डोळा लागला. स्वप्नात कुरण होतं, पण त्याला काठ नव्हता, आणि गो. त्यात कुठेतरी मला हाका मारत होता. ओ देता येईना.

फा. अमावास्या. कुरूम

उद्या पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला. उद्या पंचांग पाहावं लागत नाही, कुणालाही, कशालाही. माझं पंचांग संपलं.
गो.नं नारळ आणून देवापाशी ठेवलाय.

शके १७८७, चैत्र शु. १. कुरूम

संवत्सराचं नाव क्रोधन. गो. मात्र शांत. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला. बैल धुऊन, नांगर घेऊन तो कुरणाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मी नारळ घेऊन गेलो. फोडला नाही. म्हणालो, "गोविंदा, आजची संध्याकाळ दे. माझ्याजवळ बस."

त्यानं बैल सोडले. सांजेला दोघं गवतात बसलो. दुर्बीण त्याच्या हातात दिली. बराच वेळ काही नाही, मग दोघेच आले, एक पां., एक त. गिरकी, गिरकी, खाली. गो. दुर्बीण डोळ्यावरून काढेना.

"दादा, हे येतात कुठून?"
"माहीत नाही."
"आन् जातात कुठी?"
"तेही नाही."
"मंग अवंदा आले आन् गवत नसलं, तं निजतीन कुठी?"

अंधारून आलं. उठताना त्यानं माझ्या पाठीवरची कुसळं झटकली, लहानपणी मी त्याची झटकायचो तशी. नारळ माझ्या मांडीवरच होता, न फोडलेला. घराच्या वाटेवर तो पुढे चालत होता. मागे न बघता म्हणाला, "पाडवा तं गेला. उद्याचा दिवस कसा हाय, दादा? पंचांग पाहून सांगा."

आत्ता पाहिलं. उद्याचा दिवस उत्तम आहे. गो. ओसरीवर बसलाय, मी काय सांगतो याची वाट पाहत.