गिरणीची गरम मोरी

आई, भारंगीच्या काठावरची आपली भाताची गिरणी या उन्हाळ्यात पाडायची आहे. नदीकडेने फिरायचा रस्ता होणार आहे, आणि काय पाडायचं, काय ठेवायचं हे लिहून देण्याचं काम ऑफिसात माझ्याकडे आलं. चिमणीला वरपासून खालपर्यंत तडा आहे, ती राहणार नाही. प्रश्न मोरीचा होता. भात उकडून झालं की हौदातलं गरम पाणी त्या दगडी मोरीतून नदीच्या पायऱ्यांवर सोडत. तू आत भात उपसायचीस आणि पाळी संपली की मला तिथे आंघोळ घालायचीस. नकाशात मोरीपुढे ‘बुजवणे’ असा शेरा होता.

मला अजून दिसतं: थंडीतली सकाळ आहे. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा, वास कोंड्याचा. बायका गोधड्या आणि पोरं घेऊन रांगेत उभ्या आहेत. तो वास केसांतून जात नसे, म्हणून शाळेत मुली मला उकड्या तांदळावरून ‘उकडा’ म्हणायच्या. एकदा मी कुडकुडत पुढे घुसले. तू दंडाला धरून मागे ओढलंस, आवाज न चढवता म्हणालीस, "नंबर मोडायचा नाय. हितं तरी नाय." गावच्या विहिरीवर बाकी सगळे भरून गेल्यावर आपला नंबर लागायचा, हे मला ठाऊक होतं. इथे जी आधी आली ती आधी. मुकादमाची बायकोसुद्धा बादली घेऊन आपल्या मागे थांबायची. तू काही समजावलं नाहीस, फक्त रांगेत उभं केलंस. पुढे कुठल्याही रांगेत मी मान खाली घालून उभी राहिले नाही. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाला होते. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. आता मानते.

पाहणीच्या दिवशी तुझ्याबरोबर हौदावर असणारी मावशी काठी टेकत आली. चिमणी पाडा म्हणाली, तिच्या धुराने खोकलाच दिला. मोरी मात्र बुजवू नका. ठेकेदाराचा माणूस हसला. आजी, घरी गिझर आहे ना, म्हणाला.

"गिझर हाय रे. रांगेला कोन हाय?"

मी मोजमाप घेतलं. मागच्या आळीचं पावसाचं पाणी आजही त्याच मोरीतून नदीला जातं, दगड हललेले नाहीत. ‘पावसाच्या निचऱ्यासाठी मोरी व पायऱ्या कायम ठेवाव्यात’ असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, कारण एवढंच? मी म्हटलं, उतार योग्य आहे. तो आहेच. मोरी राहणार आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. उतार मी नंतर मोजला. ठरवलं आधीच होतं.