वादळवाल्या मॅनियनांचं आयुर्मान

६ जानेवारी
आज महावादळाचा दिवस. १८३९ साली याच तारखेला अर्ध्या आयर्लंडची छपरं उडाली आणि आमच्या थॅडी पणजोबांनी डेरीगॉवरच्या चर्चचं दार पाठीने रेटून धरलं. म्हणून गावातल्या अकरा मॅनियन घरांपैकी आम्ही ‘वादळवाले’. बाकीचे नुसतेच लाल मॅनियन, गिरणीवाले मॅनियन, बोकडवाले मॅनियन.

आणि अशा माणसाच्या पणतूला ती नवी डॉक्टरीणबाई म्हणते, रक्तदाब फार आहे, गोळ्या सुरू करा. तिला सांगितलं, थॅडीच्या थडग्यावर कोरलंय, १९२४ साली वारले, वय वर्षं नव्वद. ती म्हणाली, दगडाचा रक्तदाब मी तपासलेला नाही. उद्धट कार्टी. गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलं. मी अडुसष्ट. म्हणजे अजून बावीस वर्षं, कमीत कमी.

१ फेब्रुवारी
डिलियाकडे जेवण. बेकन, कोबी, बटाटे. ताट पुढ्यात ठेवता ठेवता म्हणाली, फेस्टस, चोवीस वर्षं झाली. लग्न करायचंय की नुसतं जेवायचंय?

म्हणालो, अगं, असा एकदम विषय काढलास! ती म्हणाली, एकदम? तू पहिल्यांदा जेवायला आलास तेव्हा माझं मांजर पिल्लू होतं. त्याच्या जागी आता तिसरं मांजर आहे.

तिची मुदत: जुलै संपेपर्यंत. नोव्हेंबरात लग्न हवं असेल तर नोंदणी कार्यालयात तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते म्हणे. बाई गावची पोस्टमास्तर होती, तिला फॉर्म, शिक्के, मुदती यांचं भारी वेड.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसलं मला जमत नाही. आधी हाताशी एकूण वेळ किती ते कळायला हवं. सबब, संकल्प: मॅनियन पुरुषांचे जन्म-मृत्यू नोंदीतून काढायचे, सरासरी आयुष्य मांडायचं, मग शांतपणे निर्णय. डिलियाला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

२ फेब्रुवारी
वही आणली. निळी, जाड.

१७ मार्च
आज ग्रंथालयात जाऊन सुरुवात करणार होतो. सेंट पॅट्रिकची सुट्टी, बंद. नशीबच आडवं येतं, माणूस काय करणार?

२५ मार्च
सुरुवात झाली! ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर जुने मृत्यू-दाखले दिसतात. पहिलेच आजोबा सापडले. मार्टिन मॅनियन, १९६४, वय चौसष्ट, कारण: हृदयविकार. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की आजोबांना घोड्याने लाथ मारली. आता घोड्याने लाथ मारल्यावर हृदय बंद पडणारच की. कारकुनाने घोडं गाळलं. सरकारी काम.

वडील कोलमन, सहासष्ट. त्यांचंही हृदयच, पण इस्पितळाची भिंत ओली होती, मी स्वतः हात लावून पाहिली होती. दोन्ही अपघाती. सरासरीत धरत नाही.

सरासरी: नव्वद. (फक्त थॅडी.)

२७ एप्रिल
डिलियाला समुद्रावर फिरायला न्यायचं होतं, पण १९११ची जनगणना हाती लागली. तिला जार्लथने नेलं. जार्लथ म्हणजे गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा तो. विधुर, आवाज मोठा, डोक्यात काही नाही. बरं झालं, माझं पेट्रोल वाचलं.

आणि शोध काय लागला! १९११ साली थॅडी वय सत्त्याहत्तर, बायको ब्रायडी बहात्तर, धाकटा मुलगा मार्टिन वय अकरा. म्हणजे माझ्या पणजीला एकसष्टाव्या वर्षी मूल झालं! काय रक्त म्हणायचं हे! संध्याकाळी फोन करून डिलियाला सांगितलं की आपल्यालाही घाई नाही, अजून मूलबाळसुद्धा होऊ शकेल. तिने फोन ठेवला. लाजली.

११ मे
थॅडीचा हिशेब पक्का केला. १८३४चा जन्म, म्हणजे वादळात वय पाच पुरं नाही. डिलिया म्हणाली, आणि पाच वर्षांच्या पोराने चर्चचं दार धरलं? म्हणालो, त्या काळचं दूध वेगळं होतं. ती म्हणाली, तुझं डोकं वेगळं आहे.

आज कोबी नव्हता. नुसते बटाटे.

३ जून
आज १९०१ची जनगणना. काहीतरी घोळ आहे. त्यात थॅडी अठ्ठेचाळीस. दहा वर्षांनी सत्त्याहत्तर. दहा वर्षांत माणूस एकोणतीस वर्षांनी म्हातारा झाला. कागद भरणारा पोलीस बहिरा असणार. थॅडीला लिहिता येत नव्हतं, खाली नुसती फुली आहे.

डावा हात दिवसभर बधिर. माऊस फार धरल्यामुळे. (माऊस उजव्या हाताने धरतो, पण ताण पसरतो.)

२२ जून
फादर लॉरकन यांच्याकडे जाऊन बाप्तिस्म्याचं पुस्तक पाहिलं. फादरांनी बोट ठेवून वाचलं: थॅडी मॅनियन, नोव्हेंबर १८५३, आई-बापांची नावं बरोबर. मी म्हणालो, हा दुसरा. पहिला थॅडी असणार १८३४चा. फादर म्हणाले, अरे फेस्टस, या आईचा जन्मच १८३०चा आहे, तो बघ मागच्या पानावर. चार वर्षांची असताना तिला थॅडी झाला म्हणतोस?

मी म्हणालो, आमच्या घराण्यात बायकांचं रक्तही जोरदार. फादरांनी पुस्तक मिटलं आणि चहा विचारलासुद्धा नाही.

६ जुलै
शेवटी थॅडीच्या वयाचं डिलियालाच विचारलं. विचारायला नको होतं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पोस्ट तिच्या घरात चार पिढ्या. १९०९ साली खिडकीवर तिची आजी बसायची. सरकारने सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन सुरू केली, पण म्हाताऱ्यांकडे जन्माचे दाखले कुठले? १८६४च्या आधी कोणी नोंदवतच नव्हतं. मग पेन्शनचा साहेब विचारायचा, महावादळ आठवतं का? आठवतं म्हणणारा सत्तरीचा. डिलिया म्हणाली, तुझ्या थॅडीला तर ते असं आठवलं की साहेबाला छत्री घ्यावीशी वाटली. चर्चचं दार त्याने तिथेच पाठीने धरलं, पोस्टाच्या खिडकीपुढे. शुक्रवारी कमरेत वाकून, काठी टेकत, पेन्शनचा पहिला हप्ता घेऊन गेला. शनिवारी बाजारात जिवंत डुक्कर खांद्यावर घेऊन निघाला. तेव्हापासून तुम्ही वादळवाले. अख्ख्या गावाला माहीत आहे, फेस्टस. आम्हाला वाटायचं तुलाही माहीत आहे, तू गंमत करतोस.

म्हणजे अडुसष्ट वर्षं लोक मला हाक मारून हसत होते आणि मी हात हलवत होतो.

मग म्हणाली, जुलै सुरू झालाय. म्हणालो, हो, हवा छान आहे. तिने जार्लथचा पिवळा रेनकोट खुंटीवरून काढून दाराशी ठेवला. तिथे कशाला टांगला होता कोण जाणे.

७ जुलै
हिशेब. १८५३ ते १९२४. थॅडी एक्काहत्तराव्या वर्षी गेला. वडील सहासष्ट, आजोबा चौसष्ट. घोड्याची आणि ओल्या भिंतीची सबब सोडून दिली तर तिघांची सरासरी सदुसष्ट.

मी अडुसष्ट.

दोनदा केला. पेन बदलून पाहिलं.

वहीत आणखी एक जुनी नोंद आहे, मार्चमध्ये उतरवलेली, तेव्हा कामाची वाटली नव्हती. थॅडीचं लग्न: वय सत्तावीस.

१२ जुलै
भीती वाटते. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मरणाची आहेच, पण काल तिच्या स्वयंपाकघरातली माझी खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि तिच्यावर पिवळा रेनकोट.

निर्णय झाला. लग्न करायचं. चाळीस वर्षं स्कूलबस चालवली, एक दिवस उशीर केला नाही. इथेही करणार नाही. मात्र नुसतं तोंडाने विचारण्यात मजा नाही. शहरात जाऊन नोटिशीची माहिती काढायची, फॉर्म आणायचा आणि तिच्या ताटाशेजारी ठेवायचा. फॉर्म पाहून विरघळेल.

२१ जुलै
शहरात जाणार होतो. कोट धुवायला टाकलेला.

२९ जुलै
ऊन पडलं. दलदलीतून कापलेलं जळणाचं पीट सुकलंय, ते घरी आणलं नाही तर हिवाळाभर जाळायचं काय? आणि आता तर दोघांना शेक लागणार. आज, उद्या, परवा पीट. शुक्रवारी शहर.

जुलै संपेपर्यंत म्हणजे साधारण जुलै. एक दिवस इकडे तिकडे डिलिया धरणार नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळ
दाढी केली. कोट स्वच्छ. निघालो.

१ ऑगस्ट, दुपार
नोंदणी कार्यालयात बाकावर डिलिया बसली होती. निळी टोपी. शेजारी जार्लथ, केस पाणी लावून बसवलेले. हातात फॉर्म.

जार्लथ उठून म्हणाला, काय रे वादळवाल्या, इकडे कुठे? त्याच्या आवाजाने सगळे वळले. डिलिया माझ्या कोटाकडे बघत होती, मग दाढीकडे. तिला कळलं. तिचे ओठ जरा हलले. हळूच म्हणाली, काल रात्री बारा वाजेपर्यंत दिवा लावून दारात बसले होते रे, फेस्टस. मग तिने विचारलं, मेलेल्यांचे कागद शोधायला आलास ना? मी म्हणालो, हो, थॅडीचा मृत्यू-दाखला. खिडकीवरच्या मुलीने खरंच काढून दिला. वय वर्षं नव्वद. माहिती देणारा: मुलगा मार्टिन. मोठाच खोटारडा, आमच्या घराण्याला साजेसा.

जाता जाता मुलीला विचारलं, लग्नाच्या नोटिशीला काय लागतं? सहज, माहितीसाठी. ती म्हणाली, ओळखपत्र, तीन महिन्यांचा अवधी, आणि दोघांनी एकत्र यायचं. माझ्या मागे बघून म्हणाली, दुसरं कोण?

दाराशी डिलियाने बाही धरली. म्हणाली, गोळ्या तरी घे. वचन दे. दिलं.

१ ऑगस्ट, संध्याकाळ
वरातीमागून घोडं ते हेच. पण दिला शब्द पाळायचा. पाणी घेतलं, बिस्किटांचा डबा उघडला, पाकीट काढलं, चष्मा लावून वाचलं.

जुलैअखेरपर्यंत वापरावे.