पेटी कबरीपर्यंत येत नाही

प्रिय गिडियन,

तुझा निरोप गाडीवानानं पोचवला. शहरातल्या चर्चमध्ये वाजवायची पेटी बसवायचं काम अर्ध्यावर आहे, म्हणून आईच्या दफनाला तुला येता येत नाही. तरी चर्चच्या सज्जात गाणाऱ्या मंडळींनी कबरीपाशी तुझी ती चाल म्हणावी, कारण पेटी काही कबरीपर्यंत नेता येत नाही. हे शेवटचं वाक्य गाडीवानाकडून पाठ करून घेताना तुझी जीभ अडखळली नाही का रे?

सज्जातली मंडळी म्हणतोस, पण सज्जा आता रिकामा आहे. पाद्रीसाहेबांनी जिन्याला कुलूप घातलंय. तू शहरात शिकून परत आलास त्याआधी आम्ही काय होतो, ते आठवतं? चर्चचा कारकून एक ओळ वाचायचा आणि आम्ही बाजारातल्या गुरांसारखे ती हंबरायचो. तू आम्हाला कातडी कमावायच्या शेडमध्ये बसवून चार सुरांत गायला शिकवलंस. तू म्हणाला होतास, ज्याला नांगर धरता येतो त्याला सूरही धरता येतो, आणि देवापुढे उभं राहायला त्याला कुणा जमीनदाराची परवानगी लागत नाही. तेच मी तेव्हापासून बाजारात पिंपावर उभा राहून लोकांना सांगत आलो. त्यापायी मी सडके सलगम अंगावर झेललेत. विश्वास होता म्हणून झेलले.

मग आपल्या चर्चमध्ये पेटी आली. एका माणसानं नुसता दांडा फिरवायचा. आतला लाकडी रूळ फिरतो, त्यावरचे पितळी खिळे कळ उचलतात आणि चाल आपोआप वाजते. दांडा ज्यूडच्या हाती दिलाय, आपल्या कबरी खणणाऱ्याच्या. तो म्हणतो, आठवडाभर खणतो, रविवारी दळतो. पेटी शहरातल्या कारागिरांनी केली, एवढंच पाद्रीसाहेब बोलले होते. पहिल्या रविवारी तुझीच चाल वाजली. तिसऱ्या ओळीनंतर पेटी थांबली. एका श्वासापुरतीच, मग पुढे गेली.

तुझ्या चालींच्या छापील पुस्तकात तो थांबा नाही. तो इनॉकसाठी होता. छपरं शाकारून छाती गेलेला आपला इनॉक खर्ज लावायचा, आणि तिथे त्याला दम घ्यावा लागायचा, म्हणून आपण सगळेच थांबायचो. माझ्या शेजारी बसलेला इनॉक हळूच म्हणाला, "चला, निदान पेटीला माझा दमा तरी लागला." आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. ते खिळे सज्जात बसलेल्याच माणसानं ठोकले होते. प्रार्थनेनंतर मी पाद्रीसाहेबांना गाठलं. ते अभिमानानं म्हणाले, हो, रूळ गिडियन पिमनंच केला, कल्पनाही त्याचीच. गावकऱ्यांच्या आरडाओरड्यापेक्षा हे बरं, असं त्याचंच मत पडलं.

आरडाओरडा! पाद्री असं म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो, माझा तो धंदाच आहे. पण हा शब्द तुझा होता.

तुझ्या आईला, आमच्या पिमआईला, कुणी काही सांगितलं नाही, तरी तिला कळलंच. एका रविवारी ती खालच्या बाकावरून पेटीबरोबर गायला लागली. तिचा वरचा सूर अजून स्वच्छ होता, फक्त सावकाश झाला होता. पेटी तिला मागे टाकून गेली. परतताना माझा हात धरून म्हणाली, "गिडियननं केलीय ना? मग माझ्यासाठी का थांबत नाही?" मी, बोलघेवडा जेबेझ, तिला नुसता घरापर्यंत सोडून आलो. ती पुन्हा गायली नाही.

तुझ्या निरोपावर लोहाराच्या भट्टीपाशी वाद झाला. कुणी म्हणालं, पेटीलाच खांद्यावर घ्या नि न्या. कुणी म्हणालं, पोराचा राग आईवर कशाला? इनॉक म्हणाला, "मी जाणार. ती माझ्या शेजारी उभी राहायची." मग सगळेच आले. पाद्रीसाहेबांनी आम्हाला अडवलं नाही. कबरीपाशी आम्ही तुझी चाल म्हटली, पण तीनच सुरांत. वरचा सूर तिचा होता, तो कुणी घेतला नाही. चाल तुटकी वाटली, वाटू दिली. तुझ्या आईला आम्ही पोचवलं, तेवढ्यापुरता तू निर्धास्त राहा.

पत्र मात्र त्यासाठी लिहीत नाही. तुझं पुस्तक पुन्हा छापायला जातंय असं ऐकतो. तुम्ही चाली रचणारे लोक चालींना गावांची नावं देता. या चालीच्या माथ्यावर आमचं नाव आहे, 'वेदरकोम'. पुस्तक आलं तेव्हा अक्षरओळख नसलेल्यांनीसुद्धा त्या नावावर बोट ठेवून पाहिलं होतं. ते खोडून टाक. चाल तुझी आहे, चांगली आहे, हवी त्या पेटीत ठोक. पण आमचं गाव बेसूर आहे, हे तूच ठरवलंस. तेव्हा त्याच्या नावावर गाऊ नकोस. तिथे दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घाल.

कालपर्यंत तुझाच,
जेबेझ