आबांचा हात की पेटी?

गुरु., ६ फेब्रु.
सुट्टी. आज आबांनी घाटावर चादर टाकली. मागच्या खोलीतला घाट, कागदाच्या लगद्याचा. रेल्वेतून इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यावर आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन वर्षं खपून केलेला. बोगदे, रूळ, कॅच सायडिंग, सगळं. परवा त्यांच्या हातून खेळण्यातली गाडी उतारावर पळाली, इंजिन थेट फरशीवर. एक दिवा फुटला, बाकी शाबूत. पण आबांचं एकच, "माझा हात थरथरतोय. जन्मभर लोनावळ्याचा घाट उतरलो, एक गाडी पळाली न्हाई. आता ही पळाली."
तेव्हापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. बघवत नाही. पुढच्या शुक्रवारी सगळं मोडणार म्हणे. बघतेच कसं मोडतात!

शुक्र., ७
आबा बेगडेवाडी स्टेशनाकडं फिरायला गेले तेवढ्यात चादर उचलली. गाडीचा वेग कमी-जास्त करायची पेटी लावली, इंजिन रुळावर ठेवलं. बटण शून्यावर. शून्यावर!! आणि इंजिन सुसाट! झेलायला तारांबळ. अगं बाई, मग यात हाताचा दोष कुठला?
आल्या आल्या सांगितलं. तर म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं म्हनतील मला. ऱ्हाऊ दे, सुनंदा."
राहू देते होय!

शनि., ८
कंपनीतून आले ती पेटीच उघडली. आंबीला कंपनीत अकरा वर्षं इलेक्ट्रॉनिक बोर्डांना सोल्डरचे डाग देतेय. हजारो गेले हाताखालून, पण एक चालताना बघितला असेल तर शपथ.
मीटर लावलं. ट्रान्झिस्टरच्या पायांत सरळ टीं! मेलाय. वीज अडवायची सोडून सगळी सोडतोय. कपॅसिटरपण फुगलेला. सापडला चोर! पोळ्या करपल्या, करपू देत.

सोम., १०
तळेगावातून दोन्ही आणले. दुकानदार म्हणतो, "ताई, मिस्तरीला पाठवा ना." म्हटलं, मिस्तरी मीच.
डाग असे दिले की बघत राहावं. स्विच टाकला, फट्. फ्यूज गेला. दुसरा घातला, फट्. नवरोबा दारातून, "कंपनीत असंच करता का?" मेला, याला जेवायला कोण वाढतंय बघते.
डाग चांगले, पाय बरोबर. मग अडतंय कुठं? उगीच हात घातला का? आबांना काय सांगू...

मंगळ., ११
सापडलं!!! लाइनवर माझं टेबल चौथं, सुरेखाचं तिसरं. आज तिचे हात नीट बघितले. ट्रान्झिस्टर पत्र्यावर कसण्याआधी ती खाली मायकाची, म्हणजे अभ्रकाची, पातळ चकती ठेवते. पत्र्याला वीज लागू नये म्हणून. माझ्याकडं येईस्तोवर सगळं कसून तयार. अकरा वर्षं मला वाटत होतं हे असंच असतं, म्हणून घरी चकतीशिवायच कसला! काखेत कळसा नि गावाला वळसा.
तिला मिठीच मारली. "काय गं, पगार वाढला का?" म्हणाली.

बुध., १२
चकती बसवली. फ्यूज शाबूत. शून्यावर इंजिन गप्प. जरा फिरवलं, मुंगीसारखं चाललं. मी ओरडलेच! माझा पहिला चालणारा बोर्ड. डोळ्यांत पाणी आलं, वेडीच मी.
पण एक खुटखुट. पेटी बिघडली होती हे ठरलं. हात चांगला आहे हे कुठं ठरलं? उद्या थरथरलाच तर? तर मीच त्यांना दाखवून दिल्यासारखं होईल.

गुरु., १३
सकाळी मेलेला ट्रान्झिस्टर आबांच्या तळहातावर ठेवला. "पेटी होती आबा, तुमचा हात नव्हता." उलटसुलट करून बघितला. "एवढासा?" म्हणाले. मग, "चालव तूच. मी बघतो."
बोगद्यातून काढली, उताराला लावली. छान चालली होती की! तर आबा खुर्चीतून ओरडले, "थांबव! थांबव की गं! पुढं कॅच सायडिंग हाय!"
मला काय माहीत! खऱ्या घाटात उतरताना तिथं प्रत्येक गाडी थांबतेच म्हणे. ब्रेक शाबूत आहेत हे दाखवायचं, मगच पुढं सोडतात. न थांबणारी गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन अडते. मी गडबडून बटण सोडलं, तोवर त्यांचा हात तिथं. हळूहळू बटण मागं घेतलं. गाडी थांबायच्या खुणेच्या दगडापाशी येऊन उभी राहिली. डबे एकमेकांवर आपटलेसुद्धा नाहीत!
"आता तू सिग्नलची केबिनवाली. मी शिट्टी मारली की हिरवा बावटा दाखवायचा," म्हणाले नि चष्मा शोधायला गेले. तेवढ्यात हे उभ्यानं लिहितेय.
हात थरथरला का? काय सांगू, मी बघितलंच नाही. गाडीकडंच बघत होते.
आले वाटतं. तोंडानंच शिट्टी मारतायत. हिरवं काय घेऊ... ब्लाऊजपीस आहे.