मॅनेजरांपुढची परात

बुध. १० जाने. ६८

आज पुन्हा आली. मिस देसाई. ह्यांच्या कारखान्यातली नवी पर्सोनेल ऑफिसर. वय फार तर अठ्ठावीस, हातात बांगडी नाही, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. आणि बसली नेमकी माझ्या खुर्चीत.

मोठ्या साहेबांची टूम आहे. सगळ्या खातेप्रमुखांना तीन दिवस लोणावळ्यात आणून बसवायचं. फोन नाही, फायली नाहीत. पुढच्या वर्षी काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. त्याला 'शिबिर' म्हणतात. तुंगार्लीला एका पारशाचा बंगला घेतलाय. आम्ही इथे राहतो म्हणून राहण्याजेवणाची व्यवस्था ह्यांच्याकडे, आणि कार्यक्रमाची आखणी तिच्याकडे. म्हणजे बंगला बघून झाला की पुण्याची गाडी येईपर्यंत दोघं आमच्या बाहेरच्या खोलीत कागद पसरून बसणार आणि मी आत कप विसळणार.

"वहिनी, चहा किती सुरेख करता हो!"

मी बी. ए. झालेय हे चहाला कुठे कळतं.

शुक्र. १२ जाने.

आज तिसऱ्यांदा. हे ऑफिसातून येताना नवीन टाय लावून. सकाळी निघताना जुना होता.

पारूमावशी भांडी घासायला आली होती. औंढ्याहून चालत येते आणि गावभरचं सगळं तिच्या डोळ्यांत मावतं. बाहेर डोकावून म्हणाली, "कोन वो ही बाय? लय हसतीया."

"ऑफिसातली आहे. कामासाठी येते."

"व्हय व्हय, कामासाठीच की," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "बाय, दूद उतू चाललंय तुमचं."

खरंच गेलं उतू. शेगडी पुसत बसले.

सोम. १५ जाने.

काल संक्रांत झाली. आज तिला तिळगूळ द्यावाच लागला. हलवा घरी केलाय, दोन दिवस खपून काटा आणलाय, पण तिला बाजारचा दिला. क्षुद्रपणा आहे, कळतं मला. तरी दिला.

ह्यांनी बघितलं. ती गेल्यावर म्हणाले, "जळतेस होय?" मिश्कील हसत. ह्यांना फार बरं वाटलं असावं. चाळिशीत बायको जळते म्हणजे काय.

हो म्हटलं, जळते. हे खूश होऊन शीळ घालत अंघोळीला गेले.

पण मी कशावर जळते ते त्यांना कळलेलं नाही. मलाही आजच कळलं. कप उचलायला गेले तेव्हा तिचा कागद उघडा होता. तीन दिवसांचे चौकोन आखलेले, सकाळ, दुपार, संध्याकाळ. बरेच चौकोन रिकामे. माझे हात शिवशिवले. तळेगावच्या शाळेत चार वर्षं मी असेच चौकोन भरले आहेत. सहली, संमेलन, इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशीची सगळी व्यवस्था. लग्न झालं, सासूबाईंचं आजारपण निघालं, शाळा सुटली ती सुटलीच.

ह्यांना घेऊन जा म्हणावं तिला, गाडीत घालून पुण्याला. पेन्सिल इकडे दे म्हणावं.

बुध. १७ जाने.

आज ती आली नाही. जेवताना हे वैतागलेले. शिबिराचं सगळं घोडं एका ठिकाणी अडलंय. कारखान्याचे मॅनेजर कुलकर्णी आणि विक्रीचे मेहता वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. शेजारशेजारच्या केबिनी आणि चिठ्ठ्या शिपायाच्या हातून. मेहता म्हणतात माल वेळेवर देत नाहीत, कुलकर्णी म्हणतात भलत्या तारखा कबूल करून येतात. दोघांना टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं तर तीन दिवस तिथेच जातील, आणि साहेब म्हणणार शिबिर फुकट गेलं.

मी म्हटलं, "टेबल कशाला? सतरंजीवर बसवा आणि मधे परातभर वाल ठेवा सोलायला."

ह्यांना हसता हसता ठसका लागला.

मी हसत नव्हते. आमच्या महिला मंडळात सबनीसबाई आणि नेनेबाई हार्मोनियमवरून वर्षभर तोंड फिरवून होत्या. मंडळातल्याच एकीच्या मुलीचं लग्न निघालं, मोड आलेले वाल सोलायला सगळ्या जमलो, तेव्हा मी मुद्दाम दोघींना एका परातीशी बसवलं. डाळिंब्या सोलताना हात अडकलेले असतात, नजर खाली असते, उठून जाता येत नाही आणि गप्प बसवत नाही. आधी वालांबद्दल बोलल्या. मग नारळ किती घालायचा त्यावर भांडल्या. परात संपायच्या आत नेनेबाई म्हणाल्या, हार्मोनियम आता तुमच्याकडे ठेवा.

ह्यांनी सगळं ऐकलं. पुन्हा हसले, पण नंतर भात कालवता कालवता थांबले होते.

रवि. २१ जाने.

टाईप केलेला कार्यक्रम आज ह्यांच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी सकाळी: 'सामुदायिक काम (वाल सोलणे)'. खाली सही मिस देसाईंची.

सही! माझ्या वालांवर!

ह्यांना विचारलं, हे तिने घातलं? दाढी करत होते. "हं? हो, घातलंय की." मग पाणी गार आहे म्हणून ओरडले.

तर मी सांगितलं ह्यांना, ह्यांनी सांगितलं तिला, आणि तिने उचललं. एका शब्दाने विचारलं नाही की वहिनी, हे तुमचं का. आता साहेब तिची पाठ थोपटणार. आज दिवसभर कशात लक्ष लागलं नाही, भाकरी करपली.

शनि. २७ जाने.

आज काय निर्लज्जपणा. बाई स्वतः आल्या आणि मलाच म्हणाल्या, "वहिनी, ते वाल भिजवून मोड आणायचं तुम्ही बघाल का? मला त्यातलं काही येत नाही."

येत नाही! आणि सही करते.

बघेन म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तीन दिवसांचा स्वयंपाकही माझ्या देखरेखीखालीच आहे. म्हणजे बंगल्यात मी असणारच, पण आत.

पारूमावशीला वाल आणायला सांगितले. तिच्या भावाकडे टाकव्याला होतात. तिने विचारलं एवढे कशाला. म्हटलं, साहेब लोक सोलणार आहेत. ती आधी थट्टा समजली, मग पदर तोंडाला लावून खिदळत राहिली. "बाप्ये? आनि वाल? आवो बाय, निम्मं जिमिनीवर सांडतील!"

गुरु. १ फेब्रु.

वाल भिजले, फडक्यात बांधून ठेवलेत. दोन मोठी गाठोडी. थंडी आहे म्हणून घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवली.

आज एक वाईट विचार मनात आला. सोलायच्या आधी कोमट पाणी घालावं लागतं, तरच साल सुटते. गार पाणी दिलं तर चिकटून बसते, नखं दुखतात, डाळिंबीचे तुकडे होतात. परवा परातीत गार पाणी घातलं तर? सगळे कंटाळून उठतील, साहेब कपाळाला आठ्या घालतील, आणि सही कोणाची, तर तिची.

बराच वेळ हा विचार करत बसले होते. गोड लागत होता. मग गाठोडं उघडून बघितलं तर कोंब असे टपोरे फुटायला लागलेले. नाही करवणार मला. वालांनी काय केलंय माझं.

शनि. ३ फेब्रु.

झालं ते जसं झालं तसं लिहिते.

पडवीत सतरंज्या, तीन पराती, नऊ जण आणि मोठे साहेब. पँट घालून मांडी घालताना सगळ्यांची त्रेधा. कुलकर्णी आणि मेहता एका परातीशी. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात कोमट पाण्याचा तांब्या. पाणी मीच घातलं, हाताला लावून बघून.

पहिली पंधरा मिनिटं सगळे कपाळावर आठ्या घालून. मग मेहतांच्या बोटांतून एक डाळिंबी सटकन उडाली ती साहेबांच्या चष्म्यावर. कोणी हसेना. साहेबच हसले. मग काय, सगळीकडून उडायला लागल्या. कुलकर्णी मेहतांना म्हणाले, "अहो असं नाही, अंगठ्याने दाबा, मागून." वर्षभरात बोललेलं पहिलं वाक्य. मेहता म्हणाले, "मागून दाबायला तुम्ही शिकवणार, बरोबर आहे." मला वाटलं संपलं. पण कुलकर्णी हसले. मग खाली बघत दोघं बोलतच राहिले. ओतकामाचं, तारखांचं, कोणत्या गिऱ्हाइकाला आधी माल द्यायचा त्याचं. परात कधी रिकामी झाली ते त्यांना कळलं नाही, रिकाम्या परातीत बोटं फिरवत होते.

मी दारात उभी. माझं होतं ते सगळं. माझं होतं आणि मी तांब्या धरून उभी होते.

साहेब उठले, तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलले. ती हसली, मान हलवली, ह्यांच्याकडे बोट केलं. इतक्या लांबून ऐकू आलं नाही. एवढा राग मला आजवर कोणाचा आला नसेल. त्या अंबाड्यातली पेन्सिल काढून मोडावी असं वाटलं.

उसळ छान झाली होती. सगळ्यांनी दोनदा घेतली.

शुक्र. ९ फेब्रु.

हे पुण्याला. दुपारी दार वाजलं, बघते तर मिस देसाई, एकटी. बंगल्याच्या किल्ल्या द्यायला आलेली. चहा केला. साखर कमी घालते म्हणून मुद्दाम जास्त घातली.

म्हणाली, साहेब इतके खूश आहेत की दर तीन महिन्यांनी असं शिबिर होणार. त्यासाठी लोणावळ्यातलंच कायमचं माणूस नेमणार. कार्यक्रम ठरवायचा, सगळं आखायचं, पगार वेगळा. बाई असली तरी चालेल म्हणाले. "पण बहुतेक तुमच्या मिस्टरांनाच देतील वरचं काम म्हणून. साहजिक आहे. वाल त्यांचेच ना."

मी म्हटलं, "कोणाचे?"

"त्यांचे. मला तर वेडेपणा वाटला होता, खरं सांगते. मी नकोच म्हणत होते. तेच हट्टाला पेटले. म्हणाले, आमच्या आईची युक्ती आहे, भांडणाऱ्या जावांना ती वाल सोलायला बसवायची. मी नुसतं टाईप केलं." मग कपाकडे बघत, "माझं काय, वहिनी, मी टाईपच करते. साहेबांना सुचवायला गेलं की म्हणतात, बघू हं. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं की लगेच होतं. जळफळाट होतो कधीकधी."

सासूबाईंनी जन्मात वाल शिजवले नाहीत. वातूळ म्हणून त्यांच्या घरात वाल आणतसुद्धा नसत. लग्नानंतर पहिल्यांदा मी केले तेव्हा ताट बाजूला सारलं होतं त्यांनी.

दुसरा चहा केला, साखर बरोबर घालून. जाताना डब्यातला घरचा हलवा दिला. संक्रांत होऊन गेली तरी.

मंगळ. १३ फेब्रु.

चार दिवस टाळलं. आज सकाळी विचारलंच.

"सासूबाई जावांना वाल सोलायला बसवायच्या?"

तोंडाला साबण होता. वस्तरा तसाच धरून ठेवला. "कोण म्हणालं?"

"मिस देसाई."

"अगं, साहेबांसमोर कसं सांगणार की बायकोने सांगितलं? चारचौघांत हसले असते."

"आईने सांगितलं म्हटल्यावर नाही हसले?"

"आईचं वेगळं."

मग पाचेक मिनिटांनी, टॉवेलने तोंड पुसत, अगदी गोड आवाजात, "रविवारी साहेब जेवायला येतायत. वालाची उसळ खायचीच म्हणतात. मिस देसाईपण आहेत. त्या नव्या कामाचं बहुतेक त्याच दिवशी नक्की करतील. आणि ऐक ना, पुढच्या शिबिरासाठी काहीतरी सुचव. तुला सुचतं असं काहीतरी."

असं काहीतरी!

तिच्यावर जळण्यात एक महिना घालवला. आणि चोर माझ्याच घरात दाढी करत होता. आता ह्यांच्यावर जळते. ते काम मला हवंय. लाज वाटत नाही लिहायला. मला हवंय, मला येतं, आणि ह्यांना येत नाही.

पण तोंड उघडलं तर साहेबांसमोर ह्यांची काय पत राहील? आणि नाही उघडलं तर माझं काय राहतं?

गुरु. १५ फेब्रु.

वाल भिजत घातले. हात आपोआप चालतात, डोकं चालत नाही. पारूमावशी म्हणाली, "पुन्यांदा सायेब लोक सोलनार व्हय?"

म्हटलं, बघू.

रवि. १८ फेब्रु.

मोड छान आलेत.

पाहुणे यायच्या आत मी नेहमी सोलून ठेवते. आज ठेवले नाहीत. हे दोनदा आत येऊन गेले. "अजून सोलले नाहीस? येतील ना ते."

म्हटलं, येऊ देत की.

बाहेर सतरंजी घातली. मधे परात. भोवती चार पाट मांडले. हे दारात येऊन उभे राहिले आणि पाटांकडे बघत राहिले. साहेब, मिस देसाई, हे स्वतः. चौथ्या पाटावर नजर थांबली. मग माझ्याकडे बघितलं. टाय सैल करून पुन्हा घट्ट केला.

काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. ठरवायला लागत नाही, एकदा हात परातीत गेले की. हे मला ठाऊक आहे आणि आज ह्यांनाही आहे.

फाटकाशी मोटार थांबली. पाणी कोमट झालंय. जाते.